'ऐतखाऊ' की 'परोपजीवी'? (ब्रॉडस्कीच्या खटल्यावरून)

शाईपेन:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी जोसेफ ब्रॉडस्कीवर लेख लिहितेय. स्थलांतरित कवी आणि निबंधकार, १९८७ चं नोबेल, कविता बहुतेक रशियनमध्ये, निबंध इंग्रजीत. गाडी अडलीय ती १९६४ च्या लेनिनग्राडच्या खटल्यापाशी. तेविसाव्या वर्षी त्याच्यावर आरोप होता 'तुनेयाद्स्त्वो'चा, म्हणजे समाजोपयोगी काम न करता जगण्याचा. असं करणारा तो 'तुनेयादेत्स'. मी 'ऐतखाऊ' लिहिलं. संपादकांनी काट मारून वर 'परोपजीवी' लिहिलं, समासात शेरा: 'कोर्टाची भाषा हवी, स्वयंपाकघरातली नको.' तुम्हाला काय वाटतं?

निरुक्तप्रेमी:
ऐतखाऊच! रशियन शब्दाची फोड करून बघा. 'तूने' म्हणजे फुकट, आणि 'याद' हा खाण्याचा धातू, आपल्या संस्कृत 'अद्'चा सख्खा भाऊ (त्यातूनच 'अन्न'). फुकट + खाणारा. ऐत + खाऊ. हाडाला हाड जुळतंय. याहून चांगला प्रतिशब्द शोधून सापडायचा नाही.

मुंगूस:
फोड जुळली म्हणून वजन जुळतं असं नाही. आमचे मामा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, बाकी काही करायचे नाहीत. आजोबा ताट वाढताना 'आले ऐतखाऊ' म्हणायचे आणि मामा हसून दुसरी भाकरी मागायचे. या शब्दाने कुणी ब्रॉडस्कीसारखा पाच वर्षं सक्तमजुरीला जाईल?

काळाकोट:
संपादक अर्धे बरोबर आहेत. ज्या हुकमाखाली खटला चालला तो मे १९६१ चा. त्यात शब्द आहेत 'समाजविरोधी परोपजीवी जीवन जगणारे' अशा धर्तीचे. म्हणजे हुकमाच्या मजकुरात परोपजीवी आणि लोकांच्या तोंडी ऐतखाऊ. लेखात दोन्ही लागतील, जागा बघून. घरातली शिवी सरकारने उचलून गुन्हा केली, हीच तर त्या खटल्याची गंमत. गंमत कसली म्हणा.

शुद्धमती:
परोपजीवी नव्हे, परजीवी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तेच आहे. मधलं 'उप' कशाला?

निरुक्तप्रेमी:
'उपजीविका'मध्ये आहे म्हणून! जंत तो परजीवी. माणसाच्या चरितार्थाबद्दल बोलायचं तर परोपजीवी.

आमराई:
'बांडगूळ' कुणालाच कसं सुचलं नाही? आमच्याकडे रत्नागिरीत कलमांना हा कायमचा ताप. चिमुकले पक्षी फळ खातात, चिकट बी फांदीवर पुसतात, आणि दोन वर्षांत निम्मी फांदी त्याची. फांदीसकट तोडावं लागतं.
पण एक सांगतो. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात. अन्न ते उन्हात आपलं आपणच तयार करतं, झाडाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. पूर्ण फुकटं खाते ती पिवळी अमरवेल. तेव्हा कवीला बांडगूळ म्हणाल तर हिशेब नीट करा.

शाईपेन:
आमराई, हे लेखात घेऊ का? कारण ब्रॉडस्की खरंच ऐतखाऊ नव्हता. पंधराव्या वर्षी शाळा सोडली. कारखान्यात यंत्रावर, शवागारात, भूगर्भ मोहिमांवर काम केलं, शिवाय अनुवाद. न्यायाधीश बाई विचारतात, तुम्हाला कवींमध्ये कुणी सामील केलं? तो म्हणतो, कुणी नाही. आणि मला माणसांमध्ये कुणी सामील केलं? हे फ्रीदा विग्दोरोवा या पत्रकार बाईंनी कोर्टात बसून टिपून घेतलं म्हणून जगाला कळलं.
आदल्या नोव्हेंबरात 'वेचेर्नी लेनिनग्राड' या वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला होता, त्याच्या मथळ्यात 'त्रूतेन' म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातला काम न करणारा नर, आणि त्याला विशेषण 'साहित्याच्या आसपास घुटमळणारा'. त्याला मराठीत एका शब्दात काय म्हणायचं?

मुंगूस:
साहित्याच्या आसपास घुटमळणारे? संमेलनात जा, शब्द नाही मिळाला तरी नमुने मिळतील.

शुद्धमती:
मूळ धाग्यात 'स्थलांतरित' लिहिलंय ते खटकलं. स्थलांतर उजनीवरचे रोहित पक्षी करतात. ब्रॉडस्की स्वतःहून गेला का?

काळाकोट:
नाही. ४ जून १९७२ ला सोव्हिएत सरकारने विमानात बसवून दिलं, व्हिएन्नाला उतरला. त्याला 'हद्दपार' म्हणा. 'तडीपार' मात्र १९६४ चं, आर्खांगेल्स्क भागातल्या नोरेन्स्कायात पाठवलं ते.

निरुक्तप्रेमी:
तडीपार कसं? तड म्हणजे काठ, नदीच्या पलीकडे नेऊन सोडायचं.

काळाकोट:
अहो, व्युत्पत्ती राहू द्या. आमच्याकडे तडीपारीचा हुकूम निघतो तो जिल्ह्याबाहेर जा म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि जिल्ह्याबाहेर कुठेही राहा. याला एका गावी जखडून शेण वाहायला आणि लाकडं फोडायला लावलं. पाच वर्षांची शिक्षा, दीड वर्षात सुटला. हं, म्हणजे माझाच 'तडीपार' चुकला. मागे घेतो.

शुद्धमती:
'परागंदा' लिहा. अस्सल संस्कृत, परा + गंध.

निरुक्तप्रेमी:
🙏 फारसी आहे हो ते. 'परागंदा' म्हणजे विखुरलेला. गंधाचा काही संबंध नाही.

शुद्धमती:
तुम्हाला सगळंच फारसी दिसतं.

मुंगूस:
मग १९९१ मध्ये अमेरिकेने त्याला दिलं ते 'पोएट लॉरिएट'चं पद? 'राजकवी' लिहिणार? तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, यशवंत बडोद्याचे, तिथे संस्थानं तरी होती. राजाच नसलेल्या देशात राजकवी!

शाईपेन:
त्या पदाचं मी 'काव्य-सल्लागार' केलंय, तेही खातं उघडल्यासारखं वाटतंय.
स्थलांतरित काढते. पण एकच शब्द नाही पुरत. १९७२ ला हद्दपार, १९७७ ला अमेरिकेचा नागरिक. आईवडिलांनी त्याला भेटायला जाण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज केले, मंजूर झाले नाहीत. आई १९८३ ला गेली, वडील १९८४ ला. त्यांच्यावरचा निबंध त्याने इंग्रजीत लिहिला, कारण रशियनमध्ये लिहिणं त्याला त्यांना पुन्हा तिथेच डांबल्यासारखं वाटत होतं. हे वाचल्यापासून शब्दकोश मिटून ठेवलाय.

आमराई:
माझी आई इंग्रजी वाचत नाही. मी तिच्यावर मराठीतच लिहिणार.

मुंगूस:
+१. पण धागा 'ऐतखाऊ'चा होता ना?

शाईपेन:
अंक शुक्रवारी छापायला जातोय. संपादकांचा आत्ताच फोन येऊन गेला, ते आता 'कामचुकार' म्हणतायत.