मोठा बगळा की मध्यम बगळा?

प्रश्न: पाणथळीत पांढरा बगळा एकटाच उभा असेल, उंची ताडायला शेजारी दुसरा पक्षी नसेल, तर मोठा आणि मध्यम वेगळे कसे ओळखायचे? चोच तर दोघांचीही पिवळी.

उत्तर १: चोचीच्या रंगावर जाऊ नका, विणीच्या काळात ती काळी पडू शकते. जबड्याची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीतून डोळ्याकडे जाणारी रेघ, बघा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. फोटो मात्र अगदी बाजूने हवा. तिरक्या कोनात हमखास फसगत होते.

उत्तर २: सहमत. विणीत मोठ्याला झालरी पिसे फक्त पाठीवर, मध्यमला छातीवरही. डोक्यामागे दोन लांब पिसे असतील तर तो लहान बगळा, म्हणजे तिसरीच जात. त्याचे पाय काळे, पंजे पिवळे. पण पंजे चिखलात बुडलेले असतात, उडेपर्यंत थांबा.