मदत हवी आहे: कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या फीसाठी आमदारांना भेटायचंय, पत्रकात काय लिहू?

घाईत_मी
सोमवारी आमदारांकडे जायचंय. डॉक्युमेंट्स नसलेल्या मुलांनाही कॉलेजात इन-स्टेट फी लागावी ही मागणी. आमचा सात-आठ जणांचा गट आहे, त्यातल्या काहींना स्वतःलाच स्टेटस नाही. एकपानी पत्रकात काय टाकू? नमुना असेल तर इथेच डकवा. प्लीज लवकर, उद्या छापायचंय.

तात्या_कोथरूड
आमदाराच्या मागे लागायची गरजच नाही. सेतू केंद्रात डोमिसाईलचा अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला, १५ वर्षं वास्तव्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. जात वैधता राहिली असेल तर ती समितीकडे, वेगळी.

जर्सीकर
तात्या, हे प्रकरण अमेरिकेतलं आहे, तिथे सेतू नाही. :) कागदपत्रं किंवा स्टेटस म्हणजे इथे कायदेशीर राहण्याची परवानगी, आणि इन-स्टेट म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी.
घाईत, राज्य कोणतं? बिल मांडलंय का? राज्य विधिमंडळातल्या हाऊसच्या सदस्याला भेटताय की सेनेटच्या, आणि गटातलं कोणी त्यांच्या मतदारसंघात राहतं का? न्यू जर्सीत २०१३ च्या कायद्याने फी आणि २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते. इथला असशील तर मागणी पूर्ण वेगळी.

घाईत_मी
पेनसिल्व्हेनिया. भेट राजधानीत, हॅरिसबर्गला, हाऊसचे सदस्य. बिल अजून नाही, प्रायोजकच शोधतोय. टेक्सासने २००१ मध्येच हे केलं होतं, त्यांचाच मजकूर उचलणार आहे.

कलम_१६२३
टेक्सासला हात लावू नका. ४ जून २०२५ ला फेडरल न्याय खात्याने दावा लावला, राज्य सरकारने त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टाने कायदा कायमचा रोखला. त्या कायद्यात मुलाला 'रहिवासी' ठरवून फी कमी केलेली होती. १९९६ च्या फेडरल कायद्यातलं कलम १६२३ नेमकं तिथेच आडवं येतं: रहिवासाच्या आधारावर कागदपत्रं नसलेल्याला द्याल, तर देशभरातल्या कुठल्याही नागरिकाला तेच द्यावं लागेल.

कॅलिफोर्नियाचा एबी ५४० हा कायदा बघा. तोही २००१ चाच. तिथे निकष रहिवासाचा नाही. मूळ अट अशी: राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकलेला आणि तिथूनच डिप्लोमा घेतलेला विद्यार्थी, मग तो कुणीही असो. त्यामुळे तिथे शिकून नंतर नेवाडात राहायला गेलेल्या अमेरिकन मुलालाही तीच सूट मिळते. या मुद्द्यावरच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायदा उचलून धरला.

शिवाय दुसरं फेडरल कलम, १६२१. राज्याने नवा कायदा करून 'यांनाही लागू' असं स्पष्ट म्हणावं लागतं. ॲरिझोनात कॉलेजांनी आपल्या अधिकारात दिलेली सवलत २०१८ मध्ये कोर्टात टिकली नाही. पुढे २०२२ मध्ये लोकांनी मतदानाने ती परत आणली. त्यामुळे 'विद्यापीठांना विनंती करावी' छाप ठराव मागण्यात अर्थ नाही.

जर्सीकर
हायस्कूलचा निकष म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियावरही दावा लागलाय.

कलम_१६२३
दावा लागणं आणि हरणं यात फरक आहे. टेक्सासचं सरकार लढलंच नाही.

माळवाडी_ते_पिट्सबर्ग
कलमं तुम्ही बिल लिहिणाऱ्यांना सांगा, पत्रकात ती घालू नका. भेट मिळते १५ मिनिटं, आणि बहुतेक वेळा समोर आमदार नसतोच, स्टाफर (त्यांच्या ऑफिसातला कर्मचारी) असतो. त्याला एकच काम सांगा. बिल नाही म्हणजे काम हे: 'सह-प्रायोजकत्वाचा मेमो काढा' किंवा 'दुसऱ्याने काढला तर सही करा'. पेनसिल्व्हेनियात बिलाआधी इतर सदस्यांचा पाठिंबा मागणारा मेमो फिरतो. पत्रकाच्या वरच्या दोन ओळींत ही मागणी, मग निकष (किती वर्षं हायस्कूल, डिप्लोमा की जीईडीही), खाली त्या मतदारसंघातलं हायस्कूल आणि जवळचं कॉलेज यांच्या इन-स्टेट व आउट-ऑफ-स्टेट फीचे आकडे. आकडे कॉलेजच्या चालू वर्षाच्या पानावरूनच घ्या. जुने निघाले तर स्टाफर पुढचं ऐकत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ 'कोणती कॉलेजं' इथे होतो. राज्य यंत्रणेची १० विद्यापीठं वेगळी, १५ कम्युनिटी कॉलेजं वेगळी. पेन स्टेट, पिट, टेंपल आणि लिंकन ही चार 'राज्य-संलग्न', त्यांची मंडळं स्वतःची. नुसतं 'सरकारी विद्यापीठं' लिहिलंत तर ही चार निसटू शकतात. आणि त्यांच्या अनुदानाच्या बिलात हे घुसवा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्या अनुदानाला दोन तृतीयांश मतं लागतात, तुमच्या कलमापायी अख्खं बिल अडेल.

राज्याचं ग्रँट याच पत्रकात मागू नका. फी आणि ग्रँट एकत्र आले की खर्चाचा प्रश्न पहिला येतो. न्यू जर्सीनेही आधी फी, पाच वर्षांनी मदत, असंच केलं.

एच४_आई
आणि आपल्या मुलांचं काय? रीतसर व्हिसावर आलेली, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं. २१ पूर्ण झाली की एच-४ (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा) संपतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो आणि आउट-ऑफ-स्टेट फी बसते. त्यांच्यासाठी कोण जातं हॅरिसबर्गला?

जर्सीकर
इथे तो विषय नको. वेगळा धागा काढा.

कलम_१६२३
इथेच हवा. न्यू जर्सीच्या २०१३ च्या कायद्यात आणि एबी ५४० च्या मूळ मजकुरातही 'नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या व्हिसावरचे) वगळून' असे शब्द होते. म्हणजे एकाच हायस्कूलमधून निघालेल्या दोघांपैकी स्टेटस नसलेल्याला सूट, आणि एफ-१ झालेला बाहेर. घाईत, ती ओळ तुमच्या मसुद्यात आपोआप येईल, कारण सगळे तोच मजकूर कॉपी करतात. ती काढायला सांगा. एच-४ वाल्यांचे पालकही सोबत येतील, आणि ते त्या मतदारसंघात घरं घेऊन कर भरणारे लोक आहेत.

एच४_आई
कर भरतो, मत नाही. तरी येईन.

घाईत_मी
बरं, ओळ काढतो. गटातल्या स्टेटस नसलेल्यांनी बोलावं ना? त्यांचंच ऐकून लोक हलतात.

माळवाडी_ते_पिट्सबर्ग
बंद खोलीत पहिल्या नावाने बोलणं आणि समितीसमोर साक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी. लेखी साक्ष सार्वजनिक नोंदीत जाते. फेर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा) कॉलेजकडची नोंद झाकतो, तुम्ही स्वतः सांगितलेलं झाकत नाही. फोटो काढून आमदारांच्या फेसबुकवर टाकायची ऑफिसांना सवय असते. आत गेल्या गेल्या नको म्हणून सांगा. बोलायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, तेही इमिग्रेशन वकिलाला विचारून. गटप्रमुखाने ढकलू नये.

गाडी कोण चालवणार? पेनसिल्व्हेनियात स्टेटसशिवाय लायसन्स मिळत नाही. चालक लायसन्सवालाच हवा.

कलम_१६२३
यात एक भर. असल्या कार्यक्रमांत मतदार नोंदणीचे फॉर्म फिरतात. नागरिक नसलेल्या कुणीही, ग्रीन कार्डवाल्यानेसुद्धा, त्यावर सही करू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा झाला तर पुढे ग्रीन कार्डचा रस्ता जवळजवळ कायमचा बंद होतो, चुकून केला म्हणून सहसा सुटका नाही. घाईत, तू स्वतः कशावर आहेस?

घाईत_मी
ग्रीन कार्ड.

कलम_१६२३
मग तुलाही तेच लागू.

जर्सीकर
पत्रकावर विद्यापीठाचा लोगो नको, आणि क्लबच्या निधीतून छपाई करण्याआधी नियम विचारा. सगळ्यांनी वर्गणी काढली तर प्रश्नच नाही.

तात्या_कोथरूड
जीईडी म्हणजे आपली बाहेरून दहावी-बारावी का? १७ नंबरचा फॉर्म?

घाईत_मी
हो, तसंच काहीसं तात्या. मसुदा रात्री टाकतो. 'तीन वर्षं' ठेवू की 'दोन'? ॲरिझोनात दोन आहेत ना?

माळवाडी_ते_पिट्सबर्ग
हो, २०२२ च्या मतदानात दोनच होती. दोन मागा, तीनवर तडजोड करता येईल.