'टू किल अ मॉकिंगबर्ड'च्या मागचा इतिहास : काय वाचू?

सायली_नाशिक
पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर हार्पर लीची ही कादंबरी आहे. दुसऱ्यांदा वाचताना खटल्यापाशीच अडकले. गोऱ्या मुलीवर बलात्काराचा आरोप असलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनचा डावा हात निकामी, तिला मारणारा मात्र डावखुरा. भर कोर्टात हे सगळ्यांना दिसतं, तरी ज्युरी (निकाल देणारे बारा सामान्य नागरिक) 'दोषी' म्हणून मोकळी! ज्युरी म्हटलं की मला फक्त नानावटी खटला आठवतो, पुढे पाटी कोरी. हे बारा जण यायचे कुठून? त्यात एकही काळा माणूस कसा नाही? प्रबंध सुचवू नका प्लीज. कट्ट्यावर बहुतेक निवृत्त मंडळी आहेत, कंटाळली की सरळ उठून जातात.

जुनी_वही
स्कॉट्सबरो खटल्यापासून सुरुवात करा. २५ मार्च १९३१ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात (कादंबरीही तिथेच घडते) मालगाडीतून नऊ काळ्या पोरांना उतरवलं, आरोप दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा. धाकटे दोघे जेमतेम १२-१३ वर्षांचे. ९ एप्रिलपर्यंत आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावून झालीसुद्धा. पुढे फेरखटल्यात त्या दोन मुलींपैकी एकीने, रूबी बेट्सने, असं काही घडलंच नव्हतं अशी साक्ष दिली. तरी ज्युरी पुन्हा 'दोषी'च. न्यायाधीश हॉर्टन यांनी पुरावा टिकत नाही म्हणून तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी निवडणूक हरले. (तिथे न्यायाधीशही निवडून येतात.)
डॅन कार्टर यांचं 'स्कॉट्सबरो' वाचा. जाड आहे, पण डेकेटर गावात चाललेले फेरखटले तेवढे वाचले तरी चालेल.

अटलांटाकर
सायलीताई, तुमचा ज्युरीचा प्रश्न नेमका आहे. काळ्यांना ज्युरीतून वगळणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच बाद ठरवला होता. म्हणून अलाबामाच्या कायद्यात तशी अट नव्हतीच. जिल्ह्याचे ज्युरी कमिशनर 'सचोटीच्या, सुज्ञ' पुरुषांची यादी करायचे, आणि असा काळा माणूस त्यांना वर्षानुवर्षं सापडायचाच नाही! स्कॉट्सबरोच्या वकिलांनी यालाच आव्हान दिलं, तेव्हा यादीत अचानक काही काळ्यांची नावं निघाली. मागाहून घुसडलेली. वकील लीबोविट्झ यांनी ती नोंदवही थेट सर्वोच्च न्यायालयात नेली आणि न्यायमूर्तींनी भिंग लावून पाहिली. १९३५ मध्ये शिक्षा रद्द झाली.
बायकांचं म्हणाल तर अलाबामात त्यांना ज्युरीत बसायला १९६६ उजाडलं. कादंबरीत टॉमचा वकील अ‍ॅटिकस आपल्या मुलांना हे सांगतोही, तेविसावं प्रकरण परत पाहा.
लीच्या गावचं, मन्रोव्हिलचं, जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. मी गेलो होतो. गॅलरीतून खालचं कोर्ट खेळण्यातलं वाटतं.

तिरकस
सगळं ठीक, पण ही गोष्ट शेवटी गोऱ्या वकिलाच्या मुलीने सांगितलेली. टॉम किती बोलतो त्यात? जोडीला रिचर्ड राइटचं 'ब्लॅक बॉय' (१९४५) ठेवा. मेम्फिसच्या ग्रंथालयात काळ्यांना पुस्तकं मिळत नसत. मग हा एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड घेतो आणि 'या पोराला अमुक पुस्तकं द्या' अशी खोटी चिठ्ठी त्याच्या नावाने स्वतःच लिहितो. वाचनकट्ट्याला आणखी काय हवं?

जुनी_वही
@तिरकस, मुद्दा मान्य. पण ती मुलगी सांगते म्हणूनच गावातल्या सज्जन माणसांचं गप्प बसणं दिसतं. तेही कुणीतरी सांगायला हवंच होतं.

मोगरा७२
ब्रायन स्टीव्हन्सन यांचं 'जस्ट मर्सी' कुणी कसं सुचवलं नाही? वॉल्टर मॅकमिलियन, काळा माणूस, खोट्या साक्षीवर फाशीची शिक्षा, १९९३ मध्ये सुटका. राहणारा त्याच मन्रोव्हिलच्या परिसरातला! अगदी सोपं लिहिलंय, तुमची मंडळी उठणार नाहीत.
आणि चर्चेत फुल्यांचा उल्लेख जरूर करा. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांनाच अर्पण केली होती. ती अर्पणपत्रिका आणि हा खटला शेजारी ठेवून बघा.

सायली_नाशिक
सगळ्यांचे आभार. ठरलं तर : 'जस्ट मर्सी' सगळ्यांनी वाचायचं, स्कॉट्सबरो मी सांगणार, भिंगासकट. 'ब्लॅक बॉय' आमच्या वाचनालयात नाही, उद्या मागवायला सांगते. मला चिठ्ठी माझ्याच नावाने लिहिता येईल.