थुंकीत एचपीव्ही सापडला, आता काय?

कृष्णाकाठ: माझा धाकटा दीर, वय ३८, टायरचं दुकान आहे. तपासणीच्या पॅकेजात गुळण्या करून पाणी दिलं होतं. रिपोर्ट आला 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह', म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा १६ नंबरचा प्रकार. फोनवरच्या माणसाने "कॅन्सरचा विषाणू आहे" एवढं सांगून फोन ठेवला. तेव्हापासून जावेने त्याचं ताट-तांब्या वेगळं काढलंय. चार वर्षांची लेक बापाच्या ताटात बसायला रडते. पंधरा वर्षं सुपारी-तंबाखूचा मावा खातो, हल्ली आमटीही तोंडाला झोंबते म्हणतो. हा कॅन्सरच आहे का?

दंतवैद्य, बार्शी: ताई, तांब्या आधी जागेवर ठेवा आणि लेकीला ताटात बसू द्या. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून येतो, मुखमैथुनातूनही. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावतं. वर्षानुवर्षं टिकला तर १६ नंबरचा प्रकार पेशींची वाढ रोखणारे ब्रेक निकामी करतो, तेही बहुधा टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी. आपल्याकडे गाल आणि हिरडीचा कॅन्सर जास्त, आणि तो मुख्यतः तंबाखू-सुपारीचा. थुंकीच्या रिपोर्टवरून कॅन्सर ठरत नाही.

मला काळजी त्या झोंबण्याची वाटते. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, बघा.

कृष्णाकाठ: आत्ताच बघितलं. दोनच, तीही जेमतेम. गालाला आतून बोट लावलं तर दोरीसारखं ताठ लागतं. आणि उजवीकडे एक चट्टा आहे, दिवाळीपासूनचा म्हणे. आम्हाला कुणाला बोलला नव्हता.

दंतवैद्य, बार्शी: ही लक्षणं सबम्युकस फायब्रोसिसची वाटतात, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होऊन तोंड कमी उघडायला लागतं. तो सुपारीने होतो. नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००३ सालीच जाहीर केलंय. तीन आठवड्यांवर न भरलेल्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायलाच हवा. याच आठवड्यात जा. मावा आजपासून बंद. विषाणूचं नंतर बघू.

एक आई, सातारा: लेकीसाठी सांगते. एचपीव्हीची लस नवव्या वर्षापासून देतात, पुण्याच्या सीरमचीही आहे. लागण व्हायच्या आधी घेतली तर उपयोग. मी माझ्या मुलीला दिली.

कृष्णाकाठ: गुरुवारी तुकडा काढला. रिपोर्ट सोमवारी. खिशातली पुडी त्याने दवाखान्याच्या दारातच माझ्या हातात दिली. रात्री लेक त्याच्याच ताटात जेवली, जावेने स्वतः वाढलं.