शोकात असताना ‘सर्वदा आनंद करा’ हे वचन कसे पाळावे?

प्रश्न:
सर्वांना जय ख्रिस्त. आठ महिन्यांपूर्वी माझे वडील प्रभूच्या घरी गेले. तेव्हापासून भेटायला येणारे बहुतेक जण ‘सर्वदा आनंद करा’ हे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील वचन (४:४) मला ऐकवतात. वचन खरे आहे, याविषयी मला शंका नाही. पण उपासनेत सगळे उभे राहून गातात तेव्हा माझा आवाजच फुटत नाही, आणि आपलाच विश्वास कमी पडतो आहे की काय, असे वाटून मी अधिक खचते. हा आनंद नेमका कोणता, आणि मनात नसताना तो आणायचा तरी कुठून?

उत्तर १:
ताई, हे वचन लिहिताना प्रेषित पौल, म्हणजे या पत्राचा लेखक, बंदिवासात होता, हे आपण सगळेच सांगतो. त्याच पत्राचा दुसरा अध्याय मात्र घाईने वाचून पुढे जातो. फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीने देणगी घेऊन पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला होता. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाही तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल मोकळेपणाने लिहितो (२:२७). म्हणजे आनंदाची आज्ञा देणाऱ्या माणसाला दुःख होतेच, आणि ते मंडळीपासून लपवावे असे त्याला वाटले नाही. शिवाय त्याचे शब्द ‘प्रभूमध्ये’ आनंद करा असे आहेत. तेवढा शब्द गाळून वचन ऐकवले, की ऐकणाऱ्यावर त्याचे ओझे होते. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी ‘शिकलो’ आहे, असे तो पुढे म्हणतो (४:११), आणि शिकायला वेळ लागतोच.

उत्तर २:
भेटायला येणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. तरीही खिन्न मनापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेणे होय, असे बायबलच्या नीतिसूत्रांत (२५:२०) सांगितले आहे, त्यामुळे तुमचा आवाज फुटत नाही याचा दोष स्वतःला देऊ नका. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आई रोज रात्री बायबलमधील तेरावे स्तोत्र वाचायची. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिच्या बायबलमध्ये त्या ओव्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या तारखांची दाट रांग आहे, पार समासाच्या तळापर्यंत गेलेली. परमेश्वराचे गुणगान गाण्याविषयीच्या शेवटच्या ओवीपाशी एकच तारीख आहे, आणि ती जवळजवळ वर्षभरानंतरची.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. सहाही ओव्या एका दमात म्हणता आल्या पाहिजेत, असेच मी आजवर धरून चालले होते. आज रात्री वडिलांच्या बायबलमध्ये पहिल्या दोन वाचेन आणि शेजारी तारीख लिहीन.