सातवीतल्या मुलीसाठी पहिला निवासी अ‍ॅडव्हेंचर कॅम्प, काय काय विचारून पाठवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेक सातवीत आहे, १२ पूर्ण. दिवाळीच्या सुट्टीत कर्जतजवळ चार दिवसांचा अ‍ॅडव्हेंचर कॅम्प आहे, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं), रात्री टेंटमध्ये झोपायचं, वर्गातल्या दोघी जातायत आणि हिनेही स्वतःहून जायचंय म्हणून सांगितलंय. मलाही पाठवायचंय, त्यामुळे 'कशाला पाठवता' असा सल्ला प्लीज नको.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. चालायची तिला सवय आहे, नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत बरेचदा गेलोय, दस्तुरीपासून माथेरान पायी केलंय, गेल्या जानेवारीत कर्नाळा किल्ल्यावर तर ती माझ्या कितीतरी आधी सुळक्याखाली टाक्यांपाशी जाऊन बसली होती. पण आजोळ सोडलं तर आमच्याशिवाय एक रात्रही बाहेर राहिलेली नाही. थोडा दम्याचा त्रास आहे, इनहेलर क्वचित लागतो.

आता खरी अडचण. गेल्या वर्षी एक दिवसाच्या कॅम्पला पाठवलं होतं, साठेक मुलं आणि शिकवणारे तिघंच. रॅपलिंगला कड्यावर उभी केली, हिने खाली बघितलं आणि पाय हलेनात, शिकवणारा दादा म्हणाला चल लवकर बाकीचे थांबलेत, मागची मुलं ओरडायला लागली आणि ही रडत रडत उतरली. फोटोत अंगठा वर करून उभी आहे म्हणून आम्हाला वाटलं मजा आली. रात्री झोपताना हळूच म्हणाली, "आई, मी नाही म्हणाले होते गं." हेल्मेट मोठं होतं, सारखं डोळ्यांवर येत होतं, हेही तेव्हाच कळलं. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणि तरी वर्षभराने तीच म्हणतेय की मला परत करून बघायचंय, म्हणून यावेळी मला नीट विचारून पाठवायचंय. मूल ऐनवेळी नको म्हणालं तर ते ऐकतात का हे फोनवर कसं ओळखायचं? दोर, हेल्मेट यातलं मला काही कळत नाही, काय विचारू? आणि पहिल्याच वेळी चार दिवस जास्त होतायत का?

प्रतिसाद १
ताई, बरीच वर्षं पोरांना डोंगरात नेतोय, त्यावरून सांगतो. रॅपलिंगला दोन दोर हवेत. एकावरून मूल उतरतं, दुसरा त्याच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) लावून वरचा माणूस धरून असतो, त्याला बिले म्हणतात. पोराचे दोन्ही हात सुटले तरी बिलेवाला त्याला जागेवर थांबवतो. म्हणून सरळ विचारा, "बिले वेगळा असतो का आणि तो कोण धरतो?" जो उत्तर द्यायला अडखळला त्याच्याकडे पाठवू नका. हेल्मेट लहान मापाचं हवं, पट्टा लावून मान हलवली तरी सरकता कामा नये, तुमच्या मुलीचं डोळ्यावर येत होतं म्हणजे ते घातलं काय न घातलं काय सारखंच.

शिकवणाऱ्याने कुठून कोर्स केलाय तेही विचारा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, दार्जिलिंगची १९५४ सालची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे, तिथे बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि शिकवणाऱ्यांसाठी मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन असे कोर्स असतात. नुसतं 'खूप ट्रेक केलेत' यावर जाऊ नका, स्वतः चढणं वेगळं आणि बारा वर्षांच्या घाबरलेल्या पोराला उतरवणं वेगळं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तो नंबर मागा.

चार दिवसांच्या आधी एक रात्र राजमाची किल्ला करा. लोणावळ्याकडून लांब आहे, १५ किमीच्या आसपास, पण चढ फारसा नाही. कर्जतकडून कोंडिवड्याहून मात्र चांगलाच दमवणारा चढ आहे, पहिल्यांदा तिकडून नको. किल्ल्याखालच्या उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी राहायची, जेवणाची सोय होते.

प्रतिसाद २
माझी मुलगी आठवीत आहे, दोनदा जाऊन आली. रात्री मुलींच्या टेंटजवळ बाई इन्स्ट्रक्टर असते का हे पहिलं विचार. या वयात पाळी पहिल्यांदा कॅम्पवरच येऊ शकते, माझ्या मुलीच्या टेंटमधल्या एकीचं तसंच झालं आणि ती दुपारपर्यंत कोणाला बोललीच नाही. सॅकमध्ये पॅड ठेव आणि आधी बोलून ठेव. इनहेलर लीडरकडे देऊ नकोस, तिच्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात राहू दे, लीडरला फक्त कुठे आहे ते दाखव, आणि शेकोटीच्या धुरापासून लांब बसायला सांग. परफ्यूम, डिओ अजिबात नको, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. फोन बऱ्याच ठिकाणी काढून घेतात, त्याची तयारी तुझीच जास्त लागेल.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. काल तीन ठिकाणी फोन केले. एकाने बिलेचं विचारल्यावर "मॅडम काही होत नाही" एवढंच सांगितलं, तिथे फोन ठेवला. दुसऱ्याने नोंदणी नंबर दिला पण मुलं किती असतात ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिसऱ्या ताईंनी मी न विचारता सांगितलं की पहिल्या दिवशी दोन पुरुष उंचीच्या दगडावरून उतरवतात, ज्याला नको असेल तो खाली बसून दोर सांभाळायला मदत करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत विचारतात. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी पहिल्या दिवशी दोर धरेन." तिथेच नाव घालतोय.

त्याआधी राजमाची नक्की, बाबा आणि ती दोघंच जातील. उधेवाडीत अलीकडे राहिलेलं कोणी असेल तर मुलींच्या दृष्टीने संडास-बाथरूमची सोय कशी आहे आणि पाण्याच्या किती बाटल्या न्याव्यात तेवढं सांगा.