कॉन्स्टेबलचं ते घोडागाडीचं चित्र एवढं भारी का मानतात?

रिकामटेकडा६२:
मुलीकडे लंडनला आलोय. काल ती नॅशनल गॅलरीत घेऊन गेली, तिथे जॉन कॉन्स्टेबल या जुन्या इंग्रज चित्रकाराचं 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी) बघितलं. उथळ नदीत उभी घोडागाडी, डावीकडे घर, काठावर कुत्रं, लांब शेत. चांगलंय, नाही म्हणत नाही, पण खरं सांगू का, असली चित्रं आमच्या वाण्याच्या कॅलेंडरवर ढिगानं बघितलीत. आणि एक बाई दहा मिनिटं तिथून हलेना! त्याच काळातला दुसरा इंग्रज चित्रकार टर्नर बघितला की काहीतरी वेगळं चाललंय ते लगेच कळतं, इथे मला काहीच कळेना. जाणकारांनी जरा समजवा.

पाटावरवंटा:
काका, कॅलेंडरवाल्यांचं पाप त्याच्या माथी मारू नका. चित्र १८२१ चं आहे. त्या काळी मोठा कॅनव्हास म्हणजे देवादिकांच्या नाहीतर लढायांच्या गोष्टी, आणि निसर्गचित्र काढायचंच तर इटलीतला सोनेरी उजेड आणि पडकी देवळं. या माणसानं जवळपास सहा फुटी कॅनव्हासवर काय काढलं, तर इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या स्वतःच्या वडिलांच्या गिरणीशेजारचं पाणी आणि विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर. इंग्लंडबाहेर तो आयुष्यात कधी गेला नाही. चित्र मात्र गेलं, १८२४ ला पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, आणि तिथे राजाकडून सुवर्णपदक. दलाक्रवा या फ्रेंच चित्रकारानं ते बघून स्वतःच्या चित्रावर परत हात फिरवला म्हणतात. घरी मात्र लंडनच्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेचं पूर्ण सभासदत्व मिळायला १८२९ उजाडलं, वय ५२, तेही एका मतानं. बायको मारिया त्याआधीच क्षयानं गेलेली, पदरात सात मुलं. लग्नाला तिच्या आजोबांचा विरोध म्हणून दोघं सात वर्षं थांबले होते, ती गोष्ट वेगळीच.

ओला_कॅनव्हास:
मी स्वतः ऑइलमध्ये आउटडोअर करते म्हणून सांगते, आधी आकाश बघा. हा गिरणीवाल्याचा पोरगा, तरुणपणी वडिलांच्या पवनचक्कीवर काम केलेला, म्हणजे वारा कुठून येतोय हे बघणं हा पोटापाण्याचाच भाग ना. पुढे १८२१-२२ ला लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्यानं नुसत्या ढगांचे ऑइल स्केचेस केले आणि बऱ्याच कागदांच्या मागे तारीख, वेळ, वारा सगळं लिहून ठेवलं. आपला रंग कालवून होईपर्यंत ढग निघून गेलेला असतो हो!

मोठं चित्र मात्र जागेवर नाही, लंडनच्या स्टुडिओत केलंय, गाडी नीट यावी म्हणून गावाकडून तिची ड्रॉइंग मागवून. आणि फायनलच्या आधी तेवढ्याच साइजचं अख्खं ऑइल स्केच! ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आवर्जून बघा. रंग असा थापलाय की मला तरी फायनलपेक्षा तेच आवडतं. स्केचमध्ये काठावर घोड्यावर बसलेला पोरगा आहे. फायनलमध्ये त्यानं तो काढून टाकला, त्या जागी पिंप रंगवलं, मग तेही पुसलं. पण वरचा रंग काळानं पारदर्शक होत गेला, त्यामुळे पिंपाची सावली आता दिसते.

फुकटचा_समीक्षक:
टर्नर तो टर्नरच. १८३२ च्या प्रदर्शनात शेजारी कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाचं झगमगीत चित्र लागलं, तर यानं आपल्या करड्या समुद्रात एक लाल ठिपका दिला आणि निघून गेला. संपलं! कॉन्स्टेबलच म्हणाला, टर्नर येऊन बंदूक झाडून गेला.

पाटावरवंटा:
लाल ठिपका म्हणे. 'हे वेन'मधल्या घोड्यांच्या साजावर काय आहे मग? तो लाल झाकून बघा, सगळं हिरवं कसं मलूल पडतं ते.

रिकामटेकडा६२:
मंडळी, फोटो झूम करून बसलोय, लाल सापडलं, पिंप काही सापडेना. ते कुत्र्याच्या उजवीकडे की डावीकडे? मुलगी म्हणतेय बाबा परत तेच चित्र बघायला नेणार नाही, पण तिकीट फुकट आहे, मी एकटाच जातो बसनं.

ओला_कॅनव्हास:
उजवीकडे, काठालगत. थोडं तिरकं उभं राहून बघा.